आधी पाणी पी

दर्यापूरकडच्या त्या गावात गोदाबाईला कुणी भित्री म्हटलं नसतं. वांग्याच्या सरीत नाग निघाला की मळ्यातली गडीमाणसं काठी शोधायला पळत, आणि काठी सापडेपर्यंत गोदाबाईनं ढेकळं मारमारून त्याला बांधापलीकडं घालवलेलं असे. बाजारात फुलांच्या भावावरून दलालाशी वाजलं, तर तिचा नवरा खुशालराव डोक्यावरची टोपी सारखी करत मागं उभा राही आणि ही पदर खोचून पुढं. अशा बाईला कशाची भीती असणार? पण होती. एकच होती, आणि ती तिनं नवऱ्यालासुद्धा कळू दिली नव्हती. नवराबायको एकमेकांना सगळं सांगतात, असं ज्यांचं लग्न नवं आहे त्यांनाच वाटतं.

तिला भीती होती नवस मोडण्याची. तिनं एकदा तो मोडला होता, आणि त्याचं काय झालं ते पाहिलं होतं.

तेव्हा तिची थोरली लेक सत्यभामा अकोल्याला सासरी मुदतीच्या तापानं पडली होती. इकडं घरात लहानग्या सूर्यभानला देवी आलेल्या. देवीचं घर सोडून आई जाणार कशी? म्हणून गोदाबाईनं घरूनच अंबामायला सांगितलं, की भामाचा ताप उतरल्याचा निरोप येईल तेव्हाच माझ्या तोंडात पाणी जाईल. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालराव अवेळीच मळ्यातून आला. हातपाय न धुता थेट रांजणाशी गेला, गडू भरला आणि तिच्यापुढं धरला. "आधी पानी पी," म्हणाला. ती नाही म्हणाली. तो ऐकेना. कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी तिच्यावर ओरडला. तिचीही जीभ टाळ्याला चिकटली होती. तिनं गडू तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. ते पाणी किती गोड लागलं हे तिला पुढं कधी विसरता आलं नाही, आणि तोच आपला खरा गुन्हा असं तिला वाटे. पदरानं तोंड पुसून ती चुलीकडं वळते तोच अकोल्याचा माणूस अंगणात येऊन उभा राहिला. भामा गेली होती.

लोक म्हणाले, तापानं गेली. गोदाबाईला ठाऊक होतं कशानं गेली ते. तिनं ते मनाच्या तळाशी पुरलं आणि वर वांगी लावली, झेंडू लावला, सूर्यभानचं लग्न केलं.

आता लढाईची वर्षं होती, वैशाख होता, आणि गोदाबाई अमरावतीच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. आत खाटेवर शकुन होती. शकुन म्हणजे सूर्यभानची बायको, पण त्याही आधी गोदाबाईच्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय पटकीत गेले तेव्हापासून पोर हिच्याच घरी वाढली, म्हणून सासूला ती आत्याच म्हणे. परवा ती बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, आणि आता गावात शेजारच्या तानुबाईच्या अंगावर पीत होती. पण शकुनचं रक्त थांबेना. सुईणीनं पोट चोळलं, काढे पाजले, खाटेचं पायतं विटांवर उचललं, आणि शेवटी तिनंच सांगितलं की माझ्या हातात आता काही नाही.

मग दर्यापूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार. लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली. जरा चढ आला की ती धापा टाकी, आणि सूर्यभान नि खुशालराव खाली उतरून ढकलायला लागत. शकुनचं डोकं गोदाबाईच्या मांडीवर होतं. तिनं दोनदा पाणी मागितलं, मग मागायचं सोडून दिलं. मग तोंडाशी धरलेलं पाणी ओठाच्या कडेनं ओघळून जायला लागलं. तेव्हा गोदाबाईनं गडू खाली ठेवला, डोळे मिटले आणि पुन्हा तेच केलं. दुसरं तिला काय येत होतं?

"अंबामाय," ती मनात म्हणाली, "शकुन पानी घेईन तवाच मी घेईन. या खेपेले मोडाची नाई."

त्याला आता दीड दिवस झाला होता, तोही वैशाखातला. व्हरांड्याच्या टोकाला लाल फडकं गुंडाळलेला रांजण होता. येणारा-जाणारा त्यात गडू बुडवी, आणि प्रत्येक वेळी तो आवाज गोदाबाईच्या कानात शिरे. तिनं रांजणाकडं पाठ केली होती. तिच्या जिभेला काटे आले होते, पण तहानेची तिला भीती नव्हती. भीती ही होती की मागच्या खेपेसारखा हात आपोआप पुढं जाईल.

दुपार कलायला लागली तशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नागपूरकडच्या, तिशीतल्या, कपाळावरचा घाम मनगटानं पुसायची सवय असलेल्या. लढाईतल्या जखमी शिपायांच्या इस्पितळात काम करून आल्या होत्या.

"रक्त थांबलंय," त्या म्हणाल्या. "पण गेलं फार. अंगात उरलंय ते पुरणार नाही. दुसऱ्या माणसाचं रक्त घालावं लागेल, आणि ते आजच. घरचं कोण कोण आलंय?"

सूर्यभान तिथल्या तिथं उठला आणि सदऱ्याची बाही वर केली. "माहं घ्या. सारं घ्या."

"ताप येऊन गेलाय का कधी? हिवताप?"

सूर्यभाननं आईकडं पाहिलं. हिवाळ्यात तो परतवाड्यापलीकडं मेळघाटात बांबूच्या गाड्या हाकायला गेला होता, आणि तिथून हुडहुडी घेऊनच आला होता. अजून पंधरवड्याला एकदा ती त्याला गोधडीत घाली. आता खोटं बोलावं की खरं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण खोटं बोलायला जी तयारी लागते ती त्या पोरात नव्हती.

"येते," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात आलता."

"मग तुमचं नको. रक्ताबरोबर तापही तिच्या अंगात जाईल, आणि तो सोसायची ताकद तिच्यात नाही." डॉक्टरीणबाई हे कठोरपणानं म्हणाल्या नाहीत, पण सूर्यभान भिंतीशी बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

खुशालराव पुढं झाला. व्हरांड्यात मूर्तिजापूरकडचा एक माणूस होता. त्याची बायको आत होती आणि त्याला स्वतःला काही काम नव्हतं. तो खुशालरावाच्या कानाशी लागला. "देऊ नका बाप्पा. रक्त देल्लेला मानूस मंग वखरामागं चालत नाई. अन् हे सारं लढाईवर जाते म्हनतात, गोऱ्या सोजिराइच्या अंगात." खुशालरावाचं धाबं दणाणलं. त्याला दवाखान्याच्या वासानंच घेरी येत होती. तरी त्यानं टोपी सारखी केली आणि बोट पुढं केलं. पांढऱ्या काचेच्या पट्टीवर त्याच्या रक्ताचा थेंब शकुनच्या रक्ताशी मिसळला आणि बघता बघता नासलेल्या दुधासारखे त्यात कण कण झाले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

मग गोदाबाईचं बोट टोचलं. तिचा थेंब शकुनच्या थेंबात मिसळला आणि तसाच राहिला, एकजीव. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरून हलवली, पुन्हा पाहिली, आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

"जुळतं," त्या म्हणाल्या. "वय काय तुमचं?"

"असन चाळीस. जास्त नाई."

"ताप, खोकला? पोटात मूल नाही ना?"

"आता कुठचं, बाई."

"जेवलात का काही? पाणी प्यालात?"

गोदाबाईनं क्षणभर डोळे झाकले. शंभर ठिकाणी शंभर थापा मारलेल्या बाईला ही एक थाप जड गेली. "भाकर खाल्ली," ती म्हणाली. "पानीबी पेली." हे आपण देवीसमोरच म्हटलं, असं तिला वाटलं. देवीनं ऐकलं आणि खरं मानलं तर?

तिला आत नेऊन शकुनच्या शेजारच्या बाकावर निजवलं. मध्ये पांढरा पडदा होता. आशाबाई नावाच्या नर्सनं दंडाला रबरी नळी आवळून बांधली. डॉक्टरीणबाई कोपरावर बोटं फिरवू लागल्या. इकडं दाबलं, तिकडं दाबलं, दुसरा हात घेतला. शीर काही वर येईना. सुई टोचली, काढली, पुन्हा टोचली. गोदाबाईला दुखलं नाही. तिला फक्त पडद्यापलीकडचा श्वास ऐकायचा होता, आणि तो ऐकू येत नव्हता.

डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यांनी गोदाबाईच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडून दिली. कातडी बसली नाही. चिमटीत होती तशीच उभी राहिली.

"जीभ दाखवा." गोदाबाईनं दाखवली. "कधी प्यालात पाणी?"

गोदाबाईनं जीभ आत घेतली आणि पडद्याकडं पाहिलं.

"अहो, कालपासून पाण्याचा थेंब नाही तुमच्या पोटात. का?"

मग गोदाबाईनं सांगितलं. नवसाचंच सांगितलं. भामाचं नाही. आशाबाईनं हात जोडल्यासारखं केलं आणि डॉक्टरीणबाईंकडं पाहून पुन्हा खाली घेतले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या बाकाच्या कडेवर बसल्या.

"हे बघा बाई, देवीचं आणि तुमचं काय ते तुम्ही जाणा. माझीही आई उपास करते. पण कोरड्या अंगातून मला रक्त घेता येत नाही. शीरच मिळत नाही. आणि ओढून काढलं तर तुम्ही इथंच आडव्या व्हाल, मग मला एकीच्या जागी दोघी. पाणी प्या, दूध प्या, थोडा वेळ पडून राहा, मग मी घेते. पण वेळ लावू नका. दिवे लागेपर्यंत तिची नाडी टिकेल असं मला वाटत नाही."

"तिले आधी पाजा," गोदाबाई म्हणाली. "चमचाभर. मंग मी पेतो."

"शुद्धीत नाही ती. तोंडात पाणी ओतलं तर छातीत जाईल. तसलं काही करायचं नाही."

गोदाबाई बाहेर आली. पाणी प्यावं तर शकुन मरते, भामासारखी. न प्यावं तर शकुन मरते, रक्तावाचून. दोन्हीकडून तिचाच हात. अंबेनं आपल्याला कोंडलं आहे असं तिला वाटलं. देवीनं मागच्या खेपेचं काही माफ केलेलं नाही, नुसतं राखून ठेवलं होतं. ती व्हरांड्यातल्या खांबाशी बसली.

खुशालरावानं सगळं दारातून ऐकलं होतं. तो रांजणाशी गेला. गडू भरला. आणि तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"पानी पी वं," तो म्हणाला.

तोच हात. गडूसुद्धा पितळेचाच. गोदाबाई मागं सरकली आणि तिचं डोकं खांबावर आदळलं.

"नेता की नाई तो गडू? तुमच्याच हातानं पेली होती मी. अन् माही भामा मेली."

खुशालरावाला कळेना. "भामा तापानं गेली."

"तापानं नाई. मी पानी पेली म्हनून गेली. म्या नवस मोडला. पेली, तोंड पुसलं, अन् मानूस दारात उभा." इतकी वर्षं गिळलेलं बाहेर पडायला लागलं तसा तिचा आवाज चिरकला. "म्या मारली तिले. तुमी ओरडले म्हनून पेली. पन पेली मी. आता हे पोट्टीबी मारू?"

खुशालराव उभा होता तो हळूहळू खाली बसला. गडू त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"गोदे," तो म्हणाला. एरवी तो तिला नावानं हाक मारत नसे. "तो मानूस आधी माह्यापाशी आलता."

"कोन?"

"अकोल्याचा. भामाच्या सासऱ्यानं, याहीबुवानं धाडलेला. मी मोट हाकून राहिलो होतो, तवा थेट मळ्यात आला. भामा पहाटेच गेलती. तवा कोंबडंबी आरवलं नव्हतं, म्हने." त्यानं नाक ओढलं. "म्या त्याले संगं आनलं, घरामागच्या खोपीत बसवलं. म्हनलं, घरी माही बायको कालपासून निर्जळी हाय. हे ऐकलं तर ती पानी पिनार नाई, मंग जीवच देईन. आधी तिच्या पोटात पानी जाऊ दे, मंग तू ये. म्हनून मी ओरडलो. तू पेली, अन् म्या मागच्या दारातून त्याले हात केला."

आपल्याकडं मरणाची बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. आधी घासभर खायला घालतात, पाणी पाजतात, मग सांगतात. कारण एकदा ऐकलं की चूल पेटत नाही आणि घास उतरत नाही. खुशालरावानं एवढंच केलं होतं. जे त्याच्या बापानं केलं असतं तेच. त्याची बायको त्या गडूभर पाण्याचा असा हिशेब मांडून बसेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं.

गोदाबाई त्याच्याकडं बघत राहिली. "पहाटे?"

"पहाटेच."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तू भामाचं नावच काढत नव्हती. म्या नाव काढलं की उठून जात होती. मले वाटलं, तुले सोसत नाई." तो रडत होता आणि पुसत नव्हता. "मले काय ठाव, तू हे घेऊन बसली."

तिला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, दोन्ही एकाच वेळी. दोन्हीपैकी तिनं काही केलं नाही. छातीवरचा एक धोंडा कुणीतरी उचलला होता, आणि श्वास आत गेला तसं खाली आणखी काही आहे हे तिच्या लक्षात आलं. तिचे डोळे गडूकडं गेले. मग नवऱ्याच्या तोंडाकडं. मग पुन्हा गडूकडं. बातमी आधी त्याला कळते आणि मग तो पाणी घेऊन येतो. आताही तो दाराशी उभा होता. आताही तो पाणी घेऊन आला होता.

"हे पानी कोनतं हाय?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्याला पुढं वाकावं लागलं. "खरं सांगा. शकुन हाय ना?"

खुशालरावाचा चेहरा पांढरा पडला. "हाय. अंबेची आन, हाय ती. डाक्टरीनबाई आत्ताच बोलल्या ना."

"भामाच्या वक्तीबी तुमी असेच उभे होते. मले दाखवा."

ती उठली. भिंत धरून आत गेली. तिच्यामागं खुशालराव, गडू तसाच हातात. पडद्याआड शकुन निजली होती. रंग असा गेला होता की केसांपुढं कपाळ चुन्यासारखं दिसत होतं. छाती हलताना दिसत नव्हती. गोदाबाईनं नाकाखाली बोट धरलं. काहीच लागेना. बोट कोरडं, भेगाळलेलं, मातीत राबून निबर झालेलं. तिला श्वास कळत नव्हता. तिला वाटलं, संपलं.

मग तिला रोपांची आठवण झाली. वाफ्यावर वारा कोणीकडून येतो ते बघायला ती बोट ओलं करून धरत असे. तिनं नवऱ्याच्या हातातल्या गडूत बोट बुडवलं आणि पुन्हा शकुनच्या नाकाखाली धरलं. आधी काही नाही. मग बोटाची एक बाजू अगदी थोडी गार लागली. थांबली. पुन्हा गार लागली.

"हाय," गोदाबाई म्हणाली.

ते ओलं बोट खाली घेताना शकुनच्या ओठाला लागलं. ओठ फाटले होते. तिनं तेच बोट ओठांवरून फिरवलं, बाळाला मध चाटवतात तसं. शकुनचे डोळे मिटलेलेच होते, पण जिभेचं टोक हळूच बाहेर आलं, ओलावा टिपून आत गेलं. इतकंच.

याला पाणी घेणं म्हणतात का? अंबामाय हे धरेल की नाही? गोदाबाईला माहीत नव्हतं, आणि माहीत होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. ती घाबरलेलीच होती. इतक्या वर्षांची भीती एका गोष्टीनं पळत नाही, सांगणारे काही सांगोत. गडू खुशालरावानंच तिच्या तोंडाशी धरला. तिनं डोळे उघडे ठेवले, शकुनवर ठेवले, आणि पाणी प्यायली. एक घोट. शकुनकडं पाहिलं. दुसरा घोट. पुन्हा पाहिलं. असं करत गडू संपला. मग आशाबाईनं दूध आणून दिलं, तेही तिनं तसंच प्यायलं, एकेका घोटाला पडद्याआडच्या खाटेवर नजर ठेवून.

उन्हं व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तिचा दंड आवळला. या वेळी शीर वर आली. सुई गेली, आणि नळीतून काळसर लाल रक्त बाटलीत उतरू लागलं. खुशालराव दाराशी तोंड फिरवून उभा होता. सूर्यभान मात्र बघत होता. आपलं रक्त नको म्हटलं आणि आता आईचं जातंय, हे तो डोळे न हलवता बघत होता. बाटली भरली. डॉक्टरीणबाई ती घेऊन पडद्यापलीकडं गेल्या आणि बापलेकांनाही त्यांनी हाताशी बोलावून घेतलं, एकाला बाटली उंच धरायला, दुसऱ्याला कंदील.

गोदाबाईला उठायचं नाही असं सांगितलं होतं. ती बाकावर पडून छताकडं बघत होती. पलीकडून काचेचा आवाज आला. डॉक्टरीणबाई हळू काहीतरी बोलल्या. मग कुणी बोलेना. मग खुशालरावाच्या चपला वाजल्या आणि थांबल्या. मग फार वेळ काहीच नाही. ती कान देऊन ऐकत राहिली, आणि ऐकताना आपण मोठ्यानं श्वास घेतो आहोत म्हणून तो आवरू लागली. कुणी रडलं तर पहिला आवाज सूर्यभानचा येईल, हे तिला माहीत होतं. ती त्या आवाजाची वाट बघत होती.

पडदा हलला. आशाबाई आली. तिच्या हातात कपबशी होती आणि चहातून वाफ निघत होती.

"आधी हा चहा प्या," आशाबाई म्हणाली.

गोदाबाईच्या अंगातलं उरलेलं रक्तही जणू खाली गेलं. तिनं कपाकडं पाहिलं, मग त्या नर्सच्या तोंडाकडं. नर्सच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्या तोंडावर दिसत नाहीच. त्या दिवशी खुशालरावाच्या तरी कुठं दिसलं होतं?

"आधी सांगा," गोदाबाई म्हणाली.

"काय सांगू? रक्त दिलं की चहा द्यायचा असतो, बाई. सगळ्यांनाच देतो. साखर जास्त घातलीय."

"नाई पेत. आधी सांगा."

आशाबाई गोंधळली. रक्त काढल्यावर माणूस असं करतो हे तिनं ऐकलं असेल, म्हणून तिनं गोड बोलून कप तोंडाशी नेला. "अहो, प्या आधी. मग सगळं बोलू." त्या बिचारीला काय माहीत की याहून वाईट शब्द तिला सापडले नसते. गोदाबाईनं तोंड फिरवलं आणि बाकाची कड घट्ट धरली. ती उठू पाहत होती आणि तिला उठता येत नव्हतं.

तेवढ्यात पडद्याआडून खुशालराव आला. बाटली आता त्यानं सूर्यभानच्या हाती दिली असावी. त्यानं बायकोचं तोंड पाहिलं, आशाबाईच्या हातातली कपबशी पाहिली, आणि जे आशाबाईला कळलं नव्हतं ते त्याला एका क्षणात कळलं. तो धावलाच. म्हणजे त्याच्या मानानं धावला. त्यानं आशाबाईच्या हातातून कप घेतला आणि खाली जमिनीवर ठेवून दिला.

"पिऊ नको," तो म्हणाला. "आधी आयक, मंग पी." त्याची टोपी वाकडी झाली होती आणि त्यानं ती सारखी केली नाही. "डोये उघडले तिनं. तुले हाक मारून राहिली. आयक."

गोदाबाईनं श्वास धरला. पडद्यापलीकडून आवाज आला. इतका बारीक की कंदिलाची वात फडफडली असती तर ऐकू आला नसता.

"आत्या," शकुन म्हणत होती. "पानी."

"आता देता येईल का?" सूर्यभाननं तिकडं विचारलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चमच्यानं. हळू."

गोदाबाई चमचा वाजण्याची वाट बघत राहिली. तो वाजला. मग तिनं नवऱ्यापुढं हात केला, आणि त्यानं खाली ठेवलेला कप उचलून तिच्या हातात दिला. चहा निवला होता आणि फार गोड होता. तिनं तो सगळा प्यायला.